उंबरठा उत्पन्न

मराठीच्या प्राध्यापकाकडे लोक कोणत्या कामासाठी येतील याचा काही नेम नसतो. लग्नसराईत पत्रिकेचा मजकूर तपासून घ्यायला येतात, मार्च-एप्रिलात निवृत्त होणाऱ्या गुरुजींचे मानपत्र लिहून न्यायला येतात, आणि दुकानाच्या पाटीवरची वेलांटी पहिली की दुसरी हे विचारायला तर बारा महिने येतात. नळदुर्गात गेली अठरा वर्षे मी हा धर्मादाय दवाखाना चालवीत आहे. परंतु ‘हवामान बदलाचे धोरण आणि त्याचे अर्थशास्त्र’ या विषयाचा रोगी माझ्या ओसरीवर आजवर कधी आला नव्हता. तो २०२५ च्या जून महिन्यात आला, आणि आला तोही घरचाच.

माझी भाची पुण्याला अर्थशास्त्रात संशोधन करते. कोरडवाहू शेतकरी बदलत्या पावसापासून स्वतःचा बचाव करण्यासाठी किती खर्च करायला तयार असतो आणि सरकारने त्याला कोणत्या रीतीने हात द्यावा, असा काहीसा तिचा विषय आहे. त्याचे पूर्ण नाव तिने मला एका दमात सांगितले. मला ते परत म्हणायला दोन दम लागले. बरोबर एकोणीस पानांची इंग्रजी प्रश्नावली होती. “मामा, याचं मराठी करून द्या. पण पुस्तकी नको. दोन दिवसांत आपल्याला मोठ्या मामांच्या गावाला जायचंय,” असे म्हणून तिने तो गठ्ठा माझ्या हाती दिला आणि स्वतः आंघोळीला गेली. एकोणीस पानांना दोन दिवस! पण भाचीपुढे मामाचे काय चालणार?

पहिल्याच प्रश्नाला गाडे अडले. हवामान बदलत आहे असे आपणास वाटते काय, असा तो प्रश्न होता. मी तो दूध घालायला आलेल्या गवळ्यावर वापरून पाहिला. त्याने अंगणात येऊन वर पाहिले आणि सांगितले, “सकाळी ऊन होतं, आता आभाळ आलंय. बदललं की.” त्याचे काही चुकले नव्हते. आज पाऊस येईल की नाही, ही एक गोष्ट. आणि तीस-चाळीस वर्षांचा मिळून ऋतूंचा जो स्वभाव बनतो, ही दुसरी गोष्ट. इंग्रजीत या दोहोंना दोन शब्द आहेत. आपण दोहोंचा संसार ‘हवामान’ या एकाच खोलीत थाटला आहे, आणि मग जगभरच्या विद्वानांच्या परिषदा ज्या ‘बदला’वर भरतात तो बदल आमच्या गवळ्याला रोज सकाळी अंगणात दिसतो. शेवटी तो प्रश्न मी असा केला : “तुमच्या लहानपणीचा पाऊस आणि आताचा पाऊस यांत काही फरक पडला आहे का?”

हा प्रश्न मराठी झाला खरा, पण त्यामुळे भाचीची वेगळीच पंचाईत झाली. मूळ प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढी खूण करायची होती. या प्रश्नाला अर्ध्या तासाचे उत्तर येऊ लागले. पाऊस पूर्वी यायचा, रमायचा, जायचा; आता तो ‘ओढ देतो’, मग ‘कोसळतो’, आणि मध्ये ‘उघडीप’ देत नाही. ‘वाफसा’ म्हणून येत नाही. वाफसा म्हणजे काय, हे तिच्या रकान्यात बसवताना आम्ही दोघेही घामाघूम झालो. पाऊस पडून गेल्यावर माती ना चिखल ना कोरडी, पेरायला किंवा कोळपायला नेमकी अशी होते, त्या दोन-चार दिवसांच्या अवस्थेला शेतकऱ्याने हे नाव दिले आहे. वर्षाचे एकूण मिलिमीटर तेवढेच राहिले तरी वाफशाचे दिवस घटले की शेती बिघडते, ही गोष्ट एका शब्दात मावलेली आहे. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले की, १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात, म्हणजे महाराष्ट्र धरून गुजरातपासून ओडिशापर्यंत, विस्तृत मुलखावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. भाचीने हे मला मोठ्या उत्साहाने सांगितले. दारात बसलेला गवळी म्हणाला, “मग मी काय सांगत होतो?”

सहाव्या पानावर मला तो शब्द भेटला. ‘उंबरठा उत्पन्न’. हा मात्र मी केलेला नव्हे. सरकारी कागदांत तो आधीपासून आहे. पीक विम्याच्या हिशेबात एका ठरावीक उत्पन्नाच्या खाली पीक आले तरच नुकसान झाले असे मानतात. त्या रेषेचे हे नाव. सरकारी परिभाषेवर आम्ही मराठीचे लोक नेहमी नाक मुरडतो, पण हा शब्द ज्या कोणा कारकुनाला सुचला त्याला माझा नमस्कार आहे. उंबराच्या लाकडाचा म्हणून उंबरठा, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. उंबरठ्याच्या आत घर, बाहेर रस्ता. आत आहे तोवर माणसाने कोणाकडे हात पसरू नये. बाहेर फेकला गेला की मग शेजाऱ्यांनी धावावे. विम्याचे सगळे तत्त्वज्ञान त्यात आले.

ही रेषा कोणी आणि कशी आखावी हा प्रश्न मात्र फार जुना आहे, आणि त्याच्या उत्तराचा बराच भाग मराठी माणसांच्या हातून लिहिला गेला आहे, हे मला या निमित्ताने कळले. म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी १९२० सालीच शेती-विम्यावर एक पुस्तक लिहून सुचवले होते की, प्रत्येकाचे शेत पाहत बसू नका, त्या भागात पाऊस ठरल्यापेक्षा कमी पडला की सर्वांना पैसे द्या. स्वातंत्र्याच्या वेळी, १९४७-४८ मध्ये, केंद्र सरकारने प्रियोळकर नावाच्या अधिकाऱ्यांना याच कामाला लावले. प्रत्येक शेतकऱ्याचे नुकसान वेगळे मोजावे की सगळ्या भागाचे एकत्र, हा वाद तेव्हापासूनचा. पुढे १९७६ साली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी आपल्या करकरीत पद्धतीने तो निकालात काढला. ते मूळचे संख्याशास्त्रज्ञ. त्यांचे म्हणणे असे : एका शेतकऱ्याचे पीक पावसाने बुडाले की आळसाने, हे विमा उतरवणाऱ्याला कळणार कसे? आणि लाखो तुकड्यांवर माणसे पाठवून पंचनामे करायचे तर भरपाईपेक्षा पंचनाम्याचा खर्च मोठा व्हायचा. तेव्हा सारख्या जमिनीचा, सारख्या पावसाचा एक भाग घ्या; तिथे मोजक्या शेतांत चौकोन आखून पीक कापून तोला; सरासरी काढा; ती रेषेखाली आली तर त्या भागातल्या प्रत्येक विमेदाराला सारख्या दराने द्या. १९७९ साली याच धर्तीवर प्रायोगिक योजना निघाली, १९८५ साली ती देशभर गेली, आणि २०१६ ची पंतप्रधान पीक विमा योजना मुळात त्याच पायावर उभी आहे. दांडेकरांना भारतातल्या पीक विम्याचे जनक म्हणतात ते उगाच नव्हे.

मला स्वतःला ही युक्ति फार सुंदर वाटते. तिच्यात कोणाच्या प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यावी लागत नाही. आळशाला आळसाचे बक्षीस नाही आणि कष्टाळूला कष्टाचा दंड नाही. उलट भागाची सरासरी पडली असूनही ज्याने आपले पीक वाचवले त्याला भरपाईही मिळते आणि पीकही. अडचण एवढीच आहे की, सरासरीला ओढा दिसत नाही. ओढ्याच्या अलीकडे काळी जमीन, पलीकडे मुरमाड. अलीकडे ढग फुटला, पलीकडे शिंतोडा नाही. आज आमच्याकडे सोयाबीनसारख्या मुख्य पिकांना ‘भाग’ म्हणजे महसूल मंडळ. एका मंडळात गावे पुष्कळ.

आणि त्या उंबरठ्याचे मोजमाप कसे करतात ते भाचीने कागदावर मांडून दाखवले तेव्हा मी जरा सावरून बसलो. मागच्या सात वर्षांचे मंडळाचे सरासरी उत्पन्न घ्यायचे. त्यातली सर्वांत वाईट दोन वर्षे सोडून द्यायची. उरलेल्या पाचांची सरासरी काढायची आणि तिचे ७० टक्के धरायचे. नियम करणाऱ्याने दया दाखवली आहे. दोन दुष्काळ हिशेबातून माफ. तिने कल्पनेतले आकडे घेतले. समजा एकरी उत्पन्न सात वर्षांत ९, ८, १०, ३, ९, ७ आणि ४ क्विंटल. तीन आणि चार गळाले. बाकीच्यांची सरासरी ८.६, तिचे ७० टक्के म्हणजे सुमारे ६ क्विंटल. त्याखाली आले की भरपाई. आता समजा पावसाचा स्वभावच बिघडला आणि पुढच्या सात वर्षांत ९, ३, ४, ८, ३, ५, ४ असे पिकले. दोन तीन गळाले, पण दोन चार आणि एक पाच आत राहिले. सरासरी ६, उंबरठा ४ क्विंटल २० किलो. म्हणजे ज्या साडेचार क्विंटलला पूर्वी नुकसान म्हणत होते, त्याला आता कोणी नुकसान म्हणणार नाही. पाणी वाढत गेले आणि त्याबरोबर घराचा उंबरठाही खाली सरकत गेला.

“यात कोणाची लबाडी नाही बरं का, मामा,” भाची म्हणाली. “सूत्र प्रामाणिक आहे. फक्त ते असं धरून चालतं की, पुढची वर्षं मागच्यांसारखीच असतील.”

मी म्हणालो, “असं धरून तर आम्ही सगळेच चालतो.”

आमच्या वडिलांच्या पिढीला हा शब्द माहीत नव्हता. त्यांची ‘आणेवारी’. गावचे पीक सोळा आण्यांत किती आले याचा नजरअंदाज. १९५७ साली दशमान नाणी आली, आणे गेले, आणि कागदोपत्री आणेवारीची ‘पैसेवारी’ झाली. पन्नास पैशांखाली गेली की टंचाई. आमच्याकडची म्हातारी माणसे मात्र अजून आणेवारीच म्हणतात. आणा चलनातून गेला, पण दुष्काळातून गेला नाही.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी आम्ही दादाच्या गावी गेलो. नळदुर्गपासून दोन कोसांवर, दोन मंडळांच्या शिवेला लागून असलेले लहानसे गाव आहे. वडिलोपार्जित जमीन दादा करतो. मी शिकलो आणि माझ्या वाट्याला सातबाऱ्यावरचे नाव तेवढे राहिले. खरीप २०२५ साठी त्या वर्षी नियम बदलले होते. २०२३ पासून राज्यात शेतकऱ्याने एक रुपया भरला की विमा होत होता. तो प्रकार बंद होऊन खरिपाला संरक्षित रकमेच्या दोन टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा खिशातून भरायचा होता. शिवाय आपल्या शेतात पाणी साचले, पीक गेले, अशी ज्याची त्याने तक्रार नोंदवून भरपाई मागण्याची सोय त्या खरिपाला राहिली नव्हती. सगळे पीक कापणीच्या सरासरीवर. विमा भरावा की तेच पैसे फवारणीला ठेवावेत, या विचारात दादा पंधरा दिवस होता. त्यामुळे भाचीच्या प्रश्नावलीला त्याच्यासारखा गिऱ्हाईक दुसरा मिळाला नसता.

बाविसावा प्रश्न होता : “तुमच्या पिकाला खात्रीचे संरक्षण मिळणार असेल तर एकरी जास्तीत जास्त किती रुपये द्याल?” खाली शंभरापासून दोन हजारांपर्यंतचे आकडे होते. अर्थशास्त्रात या प्रश्नाला मोठा मान आहे म्हणतात. साऱ्या धोरणाचा हिशेब लोक किती द्यायला तयार आहेत यावर चालतो. दादाने प्रश्न ऐकला, तंबाखूची चिमूट बाजूला टाकली आणि विचारले, “खात्रीचं म्हणजे कोणाच्या खात्रीचं?”

मग तो उठून आत गेला आणि कॅलेंडरांची एक जुडी घेऊन आला. भिंतीवर लावायची साधी कॅलेंडरे, वर्ष संपले की खिळ्यावरून काढून त्याने फडताळात ठेवलेली. सर्वांत जुने १९९४ चे. प्रत्येक पावसाळी तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने काहीतरी लिहिले होते. ‘दोन बोटे’. ‘चार बोटे, वारा’. ‘नुसते आभाळ’. ‘ओढा दुथडी’. अंगणात उघड्यावर ठेवलेल्या सरळ काठाच्या डब्यात सकाळी किती बोटे पाणी, याची ती नोंद. मी त्याचा सख्खा भाऊ, वर्षातून दहा वेळा त्या घरी जेवतो, आणि ही कॅलेंडरे मला ठाऊक नव्हती. भाची तर चहा विसरली. तिने मोठ्या मामाचे बोट मोजपट्टीवर ठेवून घेतले आणि मिलिमीटरांत लिहून ठेवले.

“हे बघ,” दादाने एका सप्टेंबरवर बोट ठेवले. “ह्या राती सहा बोटं. खालच्या वावराचा बांध गेला, सोयाबीन लोळलं. मंडळाच्या यंत्रावर किती आलं? एकसष्ट. पासष्ट पाहिजे.”

वाचकांपैकी जे शहरात राहतात त्यांना हे कोडे वाटेल, म्हणून सांगतो. चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे मदतीच्या कामी धरले जाते. राज्यात दोन हजारांवर मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, आणि एवढे जाळे असणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पण केंद्र एका ठिकाणी असते आणि ढग त्याची चौकशी करून फुटत नाही. चार मिलिमीटर म्हणजे अर्धे बोटसुद्धा नव्हे. त्या अर्ध्या बोटाने दादाचे गाव रेषेच्या त्या बाजूला राहिले, आणि ओढ्यापलीकडच्या गावाचे मंडळ दुसरे, तिथे पंचनामे झाले. तिथे आमची मावसबहीण राहते. त्या दिवाळीत भाऊबीजेला ती आली तेव्हा पावसाचा विषय कोणीच काढला नाही, एवढे मला आठवते.

“मग किती लिहू, मोठे मामा?” भाचीने पेन सरसावले.

“विम्याला किती ते मला सांगता येत नाही. पण आमच्या शिवारात एक पाऊस मोजायचं यंत्र बसवणार असतील, आणि त्याचा आकडा खरा धरणार असतील, तर एकरी पाचशे देतो. दरसाल. लिही.”

तिच्या रकान्यात हे बसेना. विचारलेल्या वस्तूची किंमत न सांगता त्याने वेगळ्याच वस्तूची किंमत सांगितली होती. तिने समासात लिहिले आणि बाजूला फुली केली. तिच्या शास्त्रात, असे तिने परत येताना मला सांगितले, या भानगडीला नाव आहे : निर्देशांक एक बोलतो आणि शेत दुसरेच बोलते, त्या तफावतीचा धोका. तो शून्यावर आणता येत नाही. मोजण्याचा भाग लहान करीत गेले तर कमी होतो, पण मोजण्याचा खर्च वाढतो. दांडेकरांनी एका टोकाला नेऊन सोडवलेला प्रश्न आता उपग्रह आणि स्वयंचलित केंद्रे हाताशी धरून हळूहळू दुसऱ्या टोकाकडे सरकतो आहे. त्या दोन टोकांच्या मध्ये कुठे तरी आमच्या दादाचे पाचशे रुपये आहेत.

वहिनींची पाळी आली ती चुलीपाशी. “मामी, समजा तुम्हाला आज हजार रुपये मिळतायत किंवा वर्षाने बाराशे. काय घ्याल?”

“आज.”

“वर्षाने पंधराशे?”

“आजच दे.”

“दोन हजार?”

वहिनी हसल्या. “वर्षानं देणारं कोण, तू? तुझं तोवर लगीन होऊन कुठं जाशील.” मग भाकरी उलथून म्हणाल्या, “आणि लेकीच्या वसतिगृहाचे पैसे ह्याच महिन्यात भरायचेत. पुढच्या वर्षीचे दोन हजार घेऊन तिला आता कसं ठेवू?”

भाचीच्या कोष्टकाप्रमाणे या उत्तराचा अर्थ असा होत होता की, या बाईच्या लेखी पुढच्या वर्षाच्या दोन हजारांची किंमत आजच्या हजाराहूनही कमी आहे. म्हणजे ती भविष्याला फारच कमी लेखते. मला ते पटेना. वहिनींच्या डोक्यावर, आढ्याला, ज्वारीची कणसे टांगलेली होती. दरवर्षी खळ्यात पहिली निवड बियाण्याची होते. उत्तम, भरदार कणसे बाजूला काढून धुराच्या वाटेवर टांगतात म्हणजे किडा लागत नाही. २०१५ साली, सलग दुसऱ्या दुष्काळात, जेव्हा त्या घरात ज्वारी विकत आणावी लागत होती, तेव्हाही ती कणसे कोणी उतरवली नाहीत; वहिनींनी उतरवू दिली नाहीत. रुपयाच्या बाबतीत त्या पुढच्या वर्षाला काडीचा भाव देत नाहीत, आणि बियाण्याच्या बाबतीत स्वतःच्या पोटापेक्षा अधिक देतात. माणूस एकच. भाचीला मी हे दाखवले. ती बराच वेळ वर पाहत राहिली आणि म्हणाली, “याला विसंगत उत्तर म्हणतात, मामा.” पण तिच्या आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता.

हा आज-उद्याचा भाव ठरवणे हेच हवामान बदलाच्या अर्थशास्त्रातले सर्वांत मोठे भांडण आहे, हे मला दुसऱ्या दिवशी किल्ल्यात कळले. पाहुणा नळदुर्गात आला की त्याला पाणीमहाल दाखवणे हा आमचा शिरस्ता. बोरी नदी किल्ल्यातून घेऊन तिच्यावर बांध घातला आहे, आणि त्या बांधाच्या पोटात महाल आहे. १६१३ च्या सुमारास, विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत हे काम झाले. वरचे बोरी धरण भरले की बांधावरून दोन प्रवाह उड्या घेतात. त्यांना नर आणि मादी म्हणतात. महालाच्या गवाक्षात उभे राहावे, समोरून पाण्याचा पडदा कोसळत असतो आणि अंगावर थेंब येत नाही. जूनमध्ये अर्थातच ते कोरडे होते. कोरड्या बांधाच्या सावलीत बसून भाचीने मला जगाचे भांडण समजावले.

निकोलस स्टर्न यांनी २००६ साली ब्रिटिश सरकारला एक मोठा अहवाल दिला. त्यांचे म्हणणे, हवामान बदल रोखण्यासाठी आताच भरभक्कम खर्च करा, नाही तर पुढे त्याच्या कितीतरी पट भरावे लागेल. येल विद्यापीठाचे विल्यम नॉर्डहाउस या विषयाचे आद्य गणिती. २०१८ साली त्यांना याच कामाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे, खर्च करा, पण चढत्या पायरीने, एकदम नको. दोघेही मोठे, दोघांचाही हिशेब चोख. फरक मुख्यतः एका आकड्याचा : उद्याच्या रुपयाला आज किती कापून घ्यावे? स्टर्न वर्षाला १.४ टक्के कापतात. नॉर्डहाउस यांचा दर त्या काळी चार ते साडेपाच टक्क्यांच्या घरात; आपण पाच धरू. शंभर वर्षांनी होणाऱ्या शंभर रुपयांच्या नुकसानाची आजची किंमत स्टर्न यांच्या वहीत २५ रुपये येते, आणि पाच टक्क्यांच्या वहीत ७६ पैसे. पंचवीस रुपये वाचवायला कोणीही धडपडेल. ७६ पैशांसाठी कोण उठतो?

“आणि चारशे वर्षांनी?” मी बांधाकडे पाहून विचारले.

तिने मोबाइलवर हिशेब केला. चारशे वर्षांनंतरच्या शंभर रुपयांचे १.४ टक्क्यांनी आज ३८ पैसे. पाच टक्क्यांनी एका पैशाचा तीस हजारावा भाग. म्हणजे इब्राहिम आदिलशहाच्या दरबारात पाच टक्केवाला खजिनदार असता तर आपण दोघे जिथे बसलो होतो त्या सावलीची किंमत त्याने शून्य धरली असती. हे ऐकून मला क्षणभर मोठे भाषण सुचले होते. वर्गात चाळीस मिनिटे सहज चालले असते. पण खरे सांगायचे तर इब्राहिमाने हा बांध माझ्यासाठी घातलेला नाही. किल्ल्याला संरक्षण हवे होते, पाणी हवे होते आणि राजाला पाण्यामागे बसून गार वारा खायचा होता. आपल्याला मिळाला तो त्याच्या हौसेचा उरलेला भाग. फक्त एक आहे, हौस करतानाही त्याने चुन्यात कसर केली नाही.

नॉर्डहाउस यांच्या बाजूचे तर्कशास्त्रही भाचीने इमानाने सांगितले, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पुढची पिढी आपल्यापेक्षा श्रीमंत असणार. मागच्या दोनशे वर्षांचा अनुभव तसाच आहे. मग गरीब आजोबाने श्रीमंत नातवासाठी पोटाला चिमटा का घ्यावा? पैसा शिक्षणात, कारखान्यांत घाला, नातू स्वतःची व्यवस्था स्वतः करील.

जगाच्या सरासरीला हे लागू असेल. मी तिला आमचे गाव दाखवले. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या जिल्ह्याचे नावच नळदुर्ग होते. ठगाच्या आत्मकथेची कादंबरी लिहून नाव मिळवलेला कॅप्टन मेडोज टेलर १८५३ नंतर काही वर्षे इथला मुख्य अधिकारी होता. त्याने इथल्या जमिनीची मोजणी सुरू केली. मग जिल्ह्याचे ठाणे उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला गेले, आणि नळदुर्ग सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे, बस दहा मिनिटे थांबते असे, गाव होऊन राहिले. चारशे वर्षांत या गावी नातू दरवेळी आजोबापेक्षा श्रीमंतच निघाला, असे मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. तिने ते वहीत लिहून घेतले. कुठे वापरणार होती कोण जाणे.

जुलैच्या शेवटी दादाने विमा भरला, पण अर्ध्याच रानाचा. उरलेल्या पैशांतून त्याने सोलापूरहून पारदर्शक प्लास्टिकची एक पर्जन्यमापक नळी आणली आणि विहिरीजवळ मेढीला बांधली. तिचा आकडा कोणी खरा धरणार नव्हते, हे त्याला माहीत होते. भाची मात्र धरत होती. दर सकाळी सातला तो तिला फोन करी : “अकरा.” “शून्य.” “चार आणि थोडं.” बोटांची मिलिमीटर झाली, पण कॅलेंडरातली पेन्सिल तीच राहिली.

मग सप्टेंबर आला. २०२५ चा सप्टेंबर मराठवाड्याने कसा काढला हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचले आहे. परंड्याकडे माणसे घरांच्या छपरांवर जाऊन बसली होती, लष्कराला बोलवावे लागले. आमच्याकडे तेवढे नव्हते. पण बोरी दुथडी वाहिली, किल्ल्यात नर-मादी असे कोसळत होते की गावात रात्री आवाज येई, आणि दादाच्या खालच्या वावरातले सोयाबीन शेंगांसकट पाण्याखाली चार दिवस उभे राहिले. वरच्या रानाचे हाती लागले. विमा कोणत्या रानाचा भरला होता हे मी त्याला विचारले नाही; त्यानेही सांगितले नाही.

त्यातल्या एका सकाळी सातला मी दादाकडेच होतो. फोन लागला तेव्हा तो नळी हातात धरून अंगणात उभा होता. ती १०० मिलिमीटरची. काठोकाठ भरून रात्री केव्हाच वाहून गेली होती. भाचीने पुण्याहून विचारले, “मोठे मामा, किती?”

“नळीच्या वर.”

“म्हणजे किती? मला आकडा लिहावा लागतो.”

दादाने नळी पालथी केली, पाणी तुळशीत ओतले आणि फोन माझ्याकडे दिला. “सांग तिला मराठीत,” तो म्हणाला. “नळीच्या वर, म्हणून लिही.”